पाताळपाणीची वीज आणि अडीच दिवस

आषाढातल्या रविवारी अर्धे इंदूर महूच्या पलीकडे पाताळपाणीच्या धबधब्याला लोटते. हातात भुट्टा, चष्म्यावर तुषार, आणि घोळक्यातला एक तरी जण हटकून म्हणतो, "काका, एवढं पाणी फुकट चाललंय, इथं वीज का करत नाहीत?" प्रश्न भाबडा नाही. चोरल नदी इथे सुमारे तीनशे फूट, म्हणजे ९० मीटर, खाली झेप घेते. पहाडात एवढी उंची मिळवायला डोंगराच्या कडेने किलोमीटर-दोन किलोमीटर कालवा खणावा लागतो. इथे ती आयती आहे.

मग हिशेब करून पाहावा. जलविद्युतीचे मूळ गणित एका ओळीत मावते : सेकंदाला किती घनमीटर पाणी, गुणिले किती मीटर उंची, गुणिले ९.८१, म्हणजे किलोवॅट. त्यातून नळीतले घर्षण, टर्बाइन, जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मरचा वाटा वजा केला की छोट्या वीजघरात ६५ ते ७५ टक्के हातात उरतात. सेकंदाला एक घनमीटर पाणी ९० मीटरवरून आणले, तर कागदावर ८८३ किलोवॅट आणि तारेत साधारण ६६०. पावसाळ्याचे चार महिने हा प्रवाह अखंड मिळाला असे उदार मनाने धरू. १२२ दिवस, चोवीस तास, ६६० किलोवॅट : सुमारे १९ लाख युनिट.

आता दुसरा हिशेब. इंदूर नर्मदेचे पाणी पिते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ते सुमारे सत्तर किलोमीटर आणले जाते, आणि वाटेत विंध्याचा घाट चढवावा लागतो. १९७८ सालापासून हा उद्योग चालू आहे. चढ ५०० मीटर धरला, तर एक हजार लिटर पाणी वर न्यायला निखळ १.३६ युनिट लागतात. पंप-मोटरचे नुकसान धरून १.९ च्या आसपास. म्हणजे पाताळपाणीच्या त्या १९ लाख युनिटांत दहा लाख किलोलिटर, शंभर कोटी लिटर पाणी चढेल. शहर नर्मदेचे रोज चाळीस कोटी लिटरच्या आसपास पाणी घेते. चार महिन्यांच्या धबधब्याने शहराचे पंप चालतील अडीच दिवस.

आणि हे उदार मनाने. खरे तर चोरलला सेकंदाला एक घनमीटर सलग चार महिने मिळत नाही. माळव्याचा पाऊस येतो तो धो-धो येतो. काळा कातळ आणि चिकण माती पाणी फारसे मुरू देत नाहीत, त्यामुळे नदी दोन दिवस पिसाळते आणि पाचव्या दिवशी गुडघ्याएवढी होते. दिवाळीनंतर धबधब्याची दोरी, होळीपर्यंत ओला डाग.

एवढ्यावर हा विषय सोडून द्यायला हरकत नव्हती. पण वाहत्या नदीवरच्या वीजघराची, ज्याला रन-ऑफ-रिव्हर म्हणतात त्याची, सगळी गंमत याच अडचणीत आहे. धरणवाल्याकडे साठा असतो. जुलैचे पाणी तो मार्चमध्ये खर्च करतो. या वीजघराकडे साठा नसतो. नदी आज देईल ते आज घ्यायचे, उरलेले सांडव्यावरून जाऊ द्यायचे. म्हणून त्याची क्षमता ठरवताना पहिला प्रश्न ‘जास्तीत जास्त किती पाणी?’ हा नसतो. ‘वर्षातले किती दिवस किमान किती पाणी?’ हा असतो. वर्षभराचे रोजचे प्रवाह मोठ्याकडून छोट्याकडे लावून आलेख काढतात. त्यावर ‘वर्षाच्या ९० टक्के काळ इतके तरी पाणी असतेच’ असा आकडा वाचता येतो. बर्फाच्या किंवा झऱ्यांच्या नदीत ही रेघ हळूहळू उतरते. चोरलसारख्या नदीत ती कड्यावरून पडते, अगदी पाताळपाणीसारखी.

म्हणूनच भारतातली ही विद्या हिमालयात मुरली. देशातले पहिले जलविद्युत केंद्र दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १८९७ साली सुरू झाले, १३० किलोवॅटचे. त्याच्या कितीतरी आधीपासून पहाडी लोक ओढ्यावर घराट चालवून पीठ दळत होते, आणि घराट म्हणजे दुसरे काय? वळवलेले पाणी, लाकडी पन्हळ, फिरणारे पाते. आज सरकारी व्याख्येत १०० किलोवॅटपर्यंत सूक्ष्म, २ मेगावॅटपर्यंत मिनी आणि २५ मेगावॅटपर्यंत लघु जलविद्युत. मात्र ‘रन-ऑफ-रिव्हर’ हा शब्द आकाराविषयी काही सांगत नाही. आपल्या शेजारचा महेश्वर प्रकल्प ४०० मेगावॅटचा, चाळीसची दहा यंत्रे, आणि कागदोपत्री तोही नदीप्रवाहीच. पण त्याच्या बंधाऱ्यामागे गावे बुडण्याचा प्रश्न दशकानुदशके पेटलेला राहिला. नाव ऐकून निर्धास्त होऊ नये एवढेच.

तर एक मनातले वीजघर उभे करू : पहाडातला ओढा, सेकंदाला अर्धा घनमीटर पाणी, ६० मीटर उतार, हातात येणारे २०० किलोवॅट. हा आकार मला आवडतो, कारण यात काहीही झाकून ठेवता येत नाही. आधी पाणी मोजावे. लहान, सारख्या तळाच्या ओढ्यात दहा मीटरचा सरळ पट्टा निवडून लाकडाचा तुकडा सोडायचा, वेळ लावायची, आलेल्या वेगाला ०.६ ते ०.७ ने गुणायचे, कारण तळाशी आणि काठाशी पाणी रेंगाळते. ते गुणिले काटछेद. हे झाले चटकन. नीट करायचे तर लाकडी किंवा पत्र्याची खाचेची आडभिंत बसवून रोज उंची वाचायची, आणि तेही निदान एक अख्खे वर्ष. एका ओल्या वर्षाच्या मोजणीवर बांधलेली वीजघरे पुढे वर्षानुवर्षे अर्ध्या भारावर कण्हत चालतात. आणि मोजलेले सगळे पाणी आपले नसते. नदीत काही सोडावेच लागते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी नदीत ठेवायला सांगितले. बंधारा आणि वीजघर यांमधला नदीचा तुकडा नाहीतर नुसते दगडगोटे होऊन बसतो.

पाणी वळवण्याचा बंधारा कमरेएवढा असला तरी चालतो. गोटे घेऊन धावणाऱ्या ओढ्यात त्याच्या माथ्यावरच चर काढून वर लोखंडी जाळी बसवतात, सळ्या प्रवाहाच्या दिशेने. पाणी फटींतून खाली पडते, गोटे वरून गडगडत पुढे जातात. कल्पना देखणी आहे. पण फटींएवढेच खडे नेमके त्या फटींत पाचरीसारखे बसतात, आणि पावसाळ्यात रोज सकाळी कुणालातरी दाताळे घेऊन जावेच लागते. देवदाराच्या सुया, पानगळीतला चीक धरलेला पालापाचोळा, हल्ली गुटख्याच्या पुड्या. लघु वीजघरांत वीज कमी पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे जाळी तुंबणे. जाळीच्या वरची आणि खालची पातळी यांत वीतभर फरक पडला की तेवढी उंची गेली, आणि जाळीवर दाब आला.

यानंतर गाळ, आणि इथे थोडे थांबायला हवे. हिमालयाच्या पाण्यातली वाळू क्वार्ट्झची. क्वार्ट्झ पोलादापेक्षा कठीण. साठ मीटर उंचीच्या दाबाने सुटणारे पाणी सेकंदाला ३४ मीटर वेगाने निघते, ताशी सव्वाशे किलोमीटर. त्या वेगाने वाळू पात्यांवर आदळते, आणि झीज वेगाच्या साधारण घनाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट तर झीज आठपट. एका पावसाळ्यात रनरच्या, म्हणजे टर्बाइनच्या फिरत्या चाकाच्या, कडा सुरीसारख्या पातळ होतात, मग करवतीसारख्या. उपाय म्हणून पात्यांवर टंगस्टन कार्बाइडचा थर देतात. तो चांगला, पण महाग, आणि दुरुस्तीला रनर काढून दूरच्या कारखान्यात पाठवावा लागतो. स्वस्त उपाय टाकीचा आहे. गाळ बसवण्याच्या टाकीत पाणी मुद्दाम सुस्त करतात.

टाकीचे माप असे निघते. पाव मिलिमीटरहून थोडा लहान, ०.२ मिलिमीटरचा कण शांत पाण्यात सेकंदाला दोन सेंटिमीटर खाली जातो. टाकी दीड मीटर खोल असेल तर तळ गाठायला ७५ सेकंद. पाणी पुढे सरकते सेकंदाला २० सेंटिमीटर, म्हणजे तेवढ्या वेळात १५ मीटर. पाणी कधीच पूर्ण शांत नसते म्हणून लांबी दुप्पट : ३० मीटर. रुंदी, अर्धा घनमीटर भागिले वेग आणि खोली, पावणेदोन मीटरच्या आत. पण टाकीच्या तोंडाशी कालवा एकदम रुंद केला तर पाणी मधोमध झोत धरून सरळ निघून जाते आणि दोन्ही बाजूंना नुसते भोवरे फिरत राहतात. टाकी तीस मीटरची, काम दहा मीटरचे. म्हणून तोंड हळूहळू रुंदावत न्यायचे. तळाला गाळ काढायचे दार, आणि तळाचा उतार एवढा की दार उघडल्यावर साचलेले स्वतःच्या पायाने चालते व्हावे. माळव्याच्या नद्यांचे दुखणे वेगळे : बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ नसल्यातच जमा, त्यामुळे गाळ यंत्राला कमी खातो; पण काळ्या मातीचा चिखल इतका बारीक की असल्या टाकीत तो बसतच नाही, चहासारखा पार निघून जातो.

कालव्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. हजाराला एक ते पाचशेला एक उतार, म्हणजे किलोमीटरभर कालव्यात मीटर-दोन मीटर उंची खर्च. फक्त ठरावीक अंतरावर सांडवे हवेत. दरड कोसळून कालवा तुंबला आणि पाणी काठावरून डोंगरउतारावर सांडू लागले, तर ते कालव्याखालची मातीच धुऊन नेते, आणि सकाळी कालव्याचा तुकडा हवेत लटकलेला दिसतो.

कालवा जिथे संपतो तिथे फोरबे, म्हणजे नळीच्या तोंडाची छोटी टाकी. तीन मिनिटांचे पाणी, आपल्या वीजघराला ९० घनमीटर. यंत्राला अचानक जास्त पाणी लागले तर कालवा धावत येईपर्यंत ही टाकी सांभाळून घेते. यंत्र एकाएकी बंद पडले तर पाणी इथल्या सांडव्यावरून जाते. नळीचे तोंड पुरेसे खोल बुडालेले हवे. नाहीतर वर भोवरा पडतो, न्हाणीघराच्या मोरीत पडतो तसा, आणि हवा नळीत शिरते. ती हवा खाली टर्बाइनमध्ये पोहोचली की सगळे घर थरथरते. तोंडाच्या लगेच पुढे हवेची उभी नळी. तिचे महत्त्व ती नसली की कळते. वरचे दार बंद करून खालून पाणी सोडले, आणि हवा शिरायला वाट नसली, तर आत निर्वात होतो आणि पोलादी नळी रिकाम्या टेट्रापॅकसारखी चपटी होते.

नळीला पेनस्टॉक म्हणतात. सेकंदाला अडीच मीटर वेग धरला तर व्यास ५०० मिलिमीटर. साठ मीटर उंचीचा दाब सहा किलो प्रति चौरस सेंटिमीटर. एवढ्याला सहा मिलिमीटरचा पत्रा भरपूर झाला. मग नळ्या फुटतात कशा? पाण्याच्या धक्क्याने. धावते पाणी एकदम अडवले की पोलादी नळीत दाबाची लाट सेकंदाला हजारेक मीटर वेगाने मागे जाते. अडीच मीटर वेग क्षणात शून्य केला तर वाढणारा दाब सुमारे २५५ मीटर उंचीएवढा. नळी बनवली साठासाठी, अंगावर आले तीनशेपेक्षा जास्त. ‘क्षणात’ म्हणजे किती? दोनशे मीटरच्या नळीत लाट वर जाऊन परत यायला ०.४ सेकंद, त्यापेक्षा कमी वेळात झडप बंद झाली तर पूर्ण धक्का बसतो. म्हणून झडपा पंधरा-वीस सेकंद घेऊन मिटतात. हे हायड्रॉलिक तेलाच्या वाटेतल्या एका बारीक छिद्रावर ठरलेले असते, आणि ‘झडप फार सावकाश चालते’ म्हणून ते छिद्र मोठे करणारा उत्साही मेकॅनिक सगळ्या वीजघराला धोका असतो.

नळीचे दुसरे वैरी ऊन. दोनशे मीटर पोलाद ४० अंशांच्या फरकात साडेनऊ सेंटिमीटर लांब-आखूड होते. म्हणून प्रत्येक वळणावर काँक्रीटचा ठोकळा नळीला घट्ट धरतो, आणि दोन ठोकळ्यांमध्ये सरकता सांधा, वरच्या ठोकळ्याच्या लगेच खाली. मधल्या आधारांवर नळीने घसरायला हवे, म्हणून तिथे ग्रीस किंवा डांबरी कागद. सांध्याचे पॅकिंग झिजून थेंब-थेंब गळू लागले की कुणी लक्ष देत नाही. चार महिन्यांनी त्या थेंबांनी आधाराखालची माती पोखरलेली असते. पावसाळा सोडून दुरुस्तीसाठी नळी रिकामी ठेवायची तर तीही भर उन्हात नको. पाणी भरलेली नळी थंड राहते.

टर्बाइनची निवड उंची आणि प्रवाह ठरवतात. खूप उंची, थोडे पाणी तिथे पेल्टन. मधल्या उंचीला फ्रान्सिस. नदीच्या पातळीवरचे थोडे मीटर आणि भरपूर पाणी तिथे कॅप्लान. साठ मीटरला फ्रान्सिस बसते आणि पूर्ण पाण्यावर ती सर्वांत कार्यक्षमही असते. तरी मी तिथे क्रॉसफ्लो घेईन. पिंजऱ्यासारखा रनर, पाणी एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना पात्यांना दोनदा ढकलते. पूर्ण भारावर फ्रान्सिसपेक्षा पाच-सात टक्के कमी. पण रनरची रुंदी एकास दोन अशी वाटलेली असते. पाणी घटले की फक्त एक तृतीयांश भाग चालवायचा, आणि पाण्याच्या पाचव्या हिश्श्यावरही यंत्र समजूतदार चालते. पाणी निम्म्याहून कमी झाले की फ्रान्सिस धडधडायला लागते. नदी वर्षातले सात महिने अपुरीच असणार असेल, तर भर पावसाळ्यातल्या कार्यक्षमतेची प्रौढी काय कामाची? शिवाय क्रॉसफ्लोची पाती वाकवलेल्या पत्र्याची. चांगला वेल्डर तालुक्याच्या गावी ती बदलू शकतो. ३०० मिलिमीटरचा रनर साठ मीटरवर मिनिटाला हजारेक फेरे घेतो, पट्ट्याने १५०० केले की चार ध्रुवांचा जनरेटर ५० हर्ट्झ देतो.

चालू करतानाचा क्रम चुकवू नये. आधी मुख्य झडप बंद ठेवून लहान बायपासने तिच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा करायचा. मग मुख्य झडप, मग मार्गदर्शक पाते, म्हणजे रनरवर पाणी कमी-जास्त सोडणारे पाते, दहा-पंधरा टक्के. फेरे ९५ टक्क्यांवर आले की एक्सायटेशन, म्हणजे जनरेटरच्या चुंबकाला वीज. व्होल्टेज ग्रिडच्या बरोबरीने, फ्रिक्वेन्सी केसभर जास्त, सिंक्रोस्कोपचा, म्हणजे यंत्र आणि ग्रिड किती जुळले ते दाखवणाऱ्या मापकाचा, काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरत असावा, आणि तो बाराला पोहोचण्याच्या किंचित आधी ब्रेकर, म्हणजे ग्रिडशी जोडणारा स्विच. काटा भलत्या जागी असताना ब्रेकर मारला तर आधी कपलिंगचे बोल्ट जातात, नशीब वाईट असेल तर शाफ्ट.

एवढे करून यंत्र चालले, आणि गावाकडची ११ केव्हीची लाइन गेली. ती जातेच, वादळाने, फांदीने, कधी नुसत्या माकडाने. भार नाहीसा होताच यंत्र उधळते. दार मिटेपर्यंत क्रॉसफ्लो जवळजवळ दुप्पट वेगाला पोहोचू शकते, आणि जनरेटर तेवढे सोसेल असाच घ्यावा लागतो. ग्रिडला जोडलेल्या लहान वीजघरांची माझ्या मते सर्वांत मोठी चोरी ही आहे : नदीत पाणी आहे, यंत्र ठीक आहे, आणि पाणी सांडव्यावरून जाते आहे, कारण तार मेलेली. ग्रिडपासून तुटलेल्या गावात उलट असते. तिथे पाण्याचा प्रवाह स्थिर ठेवून विजेचाच भार स्थिर करतात. गावाने दिवे घालवले की इलेक्ट्रॉनिक नियंत्रक तेवढी वीज पाण्यात बुडवलेल्या हीटरमध्ये ओततो. हीटरच्या टाकीचे पाणी आटले की हीटर जळतात, भार संपतो, व्होल्टेज चढते, आणि गावातले टीव्ही एका संध्याकाळी जातात.

आता पुन्हा आपल्या घाटाकडे. इंदूरची पाणीयोजना म्हणजे उलट्या दिशेने चालणारे वीजघरच. तिथेही लांब नळी आहे, पाण्याचा धक्का आहे; फक्त तो झडप मिटल्याने नाही, वीज गेल्याने बसतो. पंप थांबतात, वर चढणारा स्तंभ मंदावतो, कुठे उंचवट्यावर पाणी तुटून वाफेची पोकळी होते, आणि परत येणारे पाणी त्या पोकळीवर हातोड्यासारखे पडते. पाणी परत येऊ न देणारी झडप नसेल तर पंप उलटे फिरू लागतो. उलटा फिरणारा पंप म्हणजे टर्बाइन. ही दुर्घटना नीट बेतून केली की तिला यंत्र म्हणतात. या पंपांच्या विजेसाठी इंदूर महापालिकेने २०२३ मध्ये जनतेकडून २४४ कोटींचे हरित रोखे उभारले, ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी. योग्यच केले, पाताळपाणीचा हिशेब पाहिल्यावर तर निश्चितच.

पण एक छोटी जागा उरते. पाणी घाटमाथ्यावर, वांचू पॉइंटला चढले की पुढे शहराकडे ते उताराने येते. उताराच्या मुख्य नळीत, किंवा शहरातल्या टाक्यांच्या तोंडाशी, जिथे जिथे जादा दाब झडपेत नुसता मारला जातो, तिथे उलटा पंप बसू शकतो. ती वीज नवी नसेल, चढवताना दिलेल्यापैकीच थोडी परत. सेकंदाला एक घनमीटर आणि ३० मीटर जादा दाब असेल तर १९० किलोवॅट. पंपाला पाणी कमी-जास्त करणारी पाती नसतात, म्हणून एक मोठा बसवण्याऐवजी लहान-मोठे दोन-तीन शेजारी ठेवायचे आणि प्रवाहाप्रमाणे चालू-बंद करायचे. बेअरिंगमधले ग्रीस अन्नाला चालणारे हवे. गाळाची टाकी नको, जाळी नको, जुलै-फेब्रुवारीचा फरक नाही. फक्त शेजारून एक बायपास नळी हवी, आणि जनरेटर बंद पडताच तिची झडप आपोआप, पण धक्का बसणार नाही इतक्या सावकाश उघडायला हवी. कारण विजेसाठी राजवाड्याचे नळ सकाळी सहाला थांबलेले कुणी ऐकून घेणार नाही.